पलीकडचा काठ

सर लग्नाला आले की आधी मांडवाभोवती एक फेरी मारत. नव्या माणसाला वाटे, ओळखीचं कोणी शोधताहेत. सर वारा शोधत असत. आचाऱ्याच्या भट्टीचा धूर कुठे वळतोय, मांडवाचा कुठला पडदा फुगतोय, हे पाहून झालं की ते एक खुर्ची उचलत आणि जिथे दुसरं कोणी बसलेलं नाही अशा जागी नेऊन ठेवत. तिथून नवरानवरी दिसत नसत, पण त्याची त्यांना फिकीर नसे. अक्षता पडायच्या वेळेला वारा वाढून सगळं वऱ्हाड डोळे चोळू लागे, तेव्हा सर एकटे स्वच्छ डोळ्यांनी बसलेले असत आणि माझ्याकडे पाहून मान हलवत.

तळेगावच्या एका शाळेत आम्ही बरोबर नोकरी केली. ते भूगोल शिकवत, मी गणित. मी लोणावळ्याहून लोकलने येई, ते वराळ्याहून स्कूटरने. स्कूटरच्या आरशाला वहिनींच्या जुन्या साडीची एक चिंधी बांधलेली असे आणि ती जिकडे उडेल त्याच्या उलट दिशेला तोंड करून ते गाडी उभी करत. त्यामुळे शाळेच्या स्टँडवर सगळ्यांच्या गाड्या ओळीत आणि सरांची आडवी. शिपायाने बरीच वर्षं कुरकुर केली, मग सोडून दिलं.

फळा पुसून झाला की डस्टर खिडकीबाहेर धरून आपटायचं आणि खडूची भुकटी कुठे जाते ते मुलांना दाखवायचं, हा त्यांचा रोजचा पाठ. ती भुकटी बहुधा मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाई. एकदा त्यांनी सरांना बोलावून घेतलं. सर शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले की साहेब, दोष डस्टरचा नाही, तुमची खिडकी वाऱ्याच्या खालच्या अंगाला काढली आहे. पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी टेबल हलवलं. सरांना शिक्षा करण्यापेक्षा ते सोपं होतं.

एका वर्षी नववीची सहल लोणावळ्याला आली, म्हणजे माझ्या दारात, आणि सरांनी मुलांना कड्याच्या टोकाजवळच्या कठड्याशी उभं केलं. कोकणातून वर येणारा वारा तिथे थेट तोंडावर आदळतो. सरांनी खिशातून शिक्षणखात्याचं एक परिपत्रक काढलं, त्याचा बोळा न करता तसंच सरळ दरीत सोडून दिलं. कागद जरा खाली गेला, थबकला आणि वर येऊन आमच्या डोक्यांवरून मागे रस्त्यावर जाऊन पडला. सर म्हणाले, "बघा, हे कितीही टाका, परत येतं." मुलांना वारा कळला, शिक्षकांना परिपत्रक कळलं. दोघेही खूश झाले.

वराळ्यात त्यांचं बैठं घर होतं. आजोबांनी धर्मांतराच्या नंतरच्या वर्षांत बांधलेलं, पुढे वडिलांनी वाढवलेलं. भोवती शेतं होती, ती जाऊन इमारती आल्या. लोकांना अशा वेळी जमिनीचा भाव आठवतो. सरांना कुठल्या इमारतीने कुठला वारा अडवला ते आठवे. पाहुण्याला अंगणात उभं करून ते बोट दाखवत. ही सोसायटी, हिने आमचा पश्चिमेचा वारा खाल्ला. ती पिवळी, तिने थंडीतला उत्तरेचा. आता दोन इमारतींच्या फटीतून थोडा येतो, तो मात्र चोरट्यासारखा येतो आणि वहिनींचे पापड उडवून जातो.

वहिनींचं सांगायला हवं, कारण सरांची ही हौस एकदा वहिनींच्याच जिवावर बेतली होती आणि मी हे लिहायला बसलो तेही त्यामुळेच. वहिनी आंदर मावळातल्या. डोंगरातलं गाव, भाताची खाचरं, एसटी आली तर आली. लहानपणी ओढ्याच्या डोहात पोहायला शिकलेल्या. लग्नानंतर वराळ्यातच अंगणवाडीत लागल्या. त्यांना वारा सोसत नसे. जरा वारं लागलं की कान ठणकत, म्हणून त्या बारा महिने डोक्याला रुमाल बांधून असत. असं माणूस नेमकं सरांच्या घरात पडलं होतं. सुट्टीत कुठे जायचं ते सर वारा पाहून ठरवत, आणि वहिनींचं मागणं एकच असे की मला वारा लागणार नाही अशी पाण्याकाठची एक जागा द्या, मग तुम्ही काय वाटेल ते करा.

सरांच्या हाती पतंग आला तो एका परदेशी माणसाकडून. कामशेतच्या डोंगरांवरून छत्रीला लटकून उडायला जे लोक येतात त्यांतला एक जण हंगामभर सरांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिला होता. जाताना सामान जास्त झालं म्हणून त्याने एक पतंग आणि एक फळी सरांना देऊन टाकली. पतंग म्हणजे संक्रांतीचा नव्हे. एका खोलीएवढा रुंद, कापडी, पुढची कड पंपाने हवा भरून ताठ करायची. त्याच्या दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवायच्या, पायाखाली फळी घ्यायची आणि वारा आपल्याला पाण्यावरून ओढत नेतो. हे सगळं सर चाळिशी उलटल्यावर पवना धरणाच्या पाण्यात आपलं आपण शिकले. पहिलं वर्षभर ते पाण्यावर कमी आणि चिखलात जास्त दिसत. काठावर म्हशी घेऊन आलेले एक आबा बराच वेळ बघत होते. त्यांनी विचारलं, "मास्तर, ह्ये तुमाला वडतंय, का तुमी ह्याला?" सर तोंडातला गाळ थुंकून म्हणाले, अजून ठरायचंय.

माझं काम पतंग धरण्याचं. तो हवेत सोडायला आणि उतरताना झेलायला दुसरा माणूस लागतो. गणिताच्या शिक्षकाला नेम चांगला असणार अशी त्यांची समजूत होती. दर रविवारी आम्ही जात असू. उर्से टोलनाक्याजवळ आले की सर स्कूटर हळू करून तिथले झेंडे बघत आणि धरणाच्या कुठल्या बाजूला जायचं ते ठरवत. नियम एकच होता आणि तो त्यांनी मला, मुलांना, शिपायाला, एकदा तर शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही ऐकवला होता. वारा पाण्यावरून तोंडावर आला पाहिजे, निदान तिरका. मग काही बिघडलं तरी वारा तुम्हाला काठावर आणून टाकतो. वारा पाठीवर असेल तर पाण्यात पाय घालायचा नाही. तो घेऊन जातो, आणून सोडत नाही.

वहिनी मागून भावाच्या रिक्षाने येत, सोबत ट्रकची एक फुगवलेली ट्यूब. डोंगराच्या आडोशाला एक शांत खाडीवजा जागा होती, तिथे त्या ट्यूबमध्ये बसत, रुमाल कानांवरून घट्ट करत आणि डोळे मिटून घेत. आठवडाभर चाळीस पोरांचं रडणं ऐकलेल्या माणसाला ती शांतता काय वाटत असेल ते त्यांच्या तोंडावर दिसे. ट्यूब हळूहळू वाहत धरण ओलांडून जाई. दुपार कलली की त्या पलीकडच्या काठाला लागलेल्या असत आणि तिथल्या एखाद्या घरी चहा घेत बसलेल्या असत. सर पतंग गुंडाळून स्कूटरने वळसा घालून त्यांना घ्यायला जात. पाण्यात ट्यूब ढकलताना ते दरवेळी एकच वाक्य बोलत, "कंटाळा आला की पलीकडं उतर, मी येतो घ्यायला." वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि त्यांच्या संसारातली सगळ्यात सुरळीत चाललेली गोष्ट मला तीच वाटायची.

निवृत्तीच्या आदल्या उन्हाळ्यात सरांनी समुद्र मनावर घेतला. धरणाचा वारा डोंगराला विचारून येतो, म्हणाले, एकदा मोकळा वारा घ्यायचा. मी कोकण सुचवलं. त्यांनी ते उडवून लावलं. कोकणाला किनारा एकाच बाजूला आहे, वारा फिरला की घरी बसा. बेट हवं. बेटाला चहूबाजूंनी किनारा असतो, म्हणजे वारा कुठूनही आला तरी कुठली तरी एक बाजू आपली. महिनाभर स्टाफरूमच्या फळ्यावर बेटांचे नकाशे आणि बाण होते. शेवटी रामेश्वर ठरलं. मे महिन्यात तिथे नैर्ऋत्येचा वारा दिवसभर एकसारखा वाहतो, हे त्यांनी सगळीकडून खात्री करून घेतलं.

रामेश्वर म्हटल्यावर वराळ्यात निराळीच चर्चा झाली. भावकीतले एक चुलते मुद्दाम घरी येऊन विचारून गेले की हे देवदर्शन कधीपासून सुरू केलंस. सर म्हणाले, वाऱ्यासाठी चाललोय. चुलत्यांचा विश्वास बसला नाही. उलट शेजारच्या आजींचा लगेच बसला, की वाऱ्यासाठी का होईना जातोय ना, आणि त्यांनी गंगाजलाची एक कुपी हातात ठेवली. सरांनी ती माझ्याकडे दिली. मी ती रामेश्वराला घातली आणि आजींना तसं सांगितलं. बुद्धपौर्णिमा आटोपून आम्ही तिघे निघालो. ट्यूब वहिनींनी हवा काढून, घडी घालून स्वतःच्या पिशवीत घेतली होती.

बेटावर सरांनी रोज सकाळी रिक्षा करून दोन्ही किनारे बघायचा सपाटा लावला. रिक्षावाल्याला मराठी येत नव्हतं, सरांना तमिळ. तरी त्याला दुसऱ्या दिवशी समजलं की हा माणूस देवळाकडे न जाता किनाऱ्यावर जाऊन तोंड वर करून उभा राहतो. तोही मग शेजारी उभा राहू लागला. बेटाचं टोक म्हणजे वाळूची एक लांब चिंचोळी पट्टी. मधून रस्ता, दोन्ही अंगांना समुद्र. दक्षिणेच्या बाजूला वारा थेट तोंडावर, लाटा, फेस. रस्ता ओलांडून उत्तरेला गेलं की पाणी ताटासारखं सपाट. रस्त्याचा उंचवटा आणि झुडपं यांच्या आडोशाला वाऱ्याचा मागमूस नव्हता. सरांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. एकाच जागी दोघांचं काम झालं होतं. वहिनींना ते म्हणाले, तुला वारा नको ना, मग ही बाजू तुझी.

वहिनी खरंच हरखल्या. म्हणाल्या, पाणी आपल्या धरणासारखंच हाय, फकस्त कोमट. डाव्या हाताला लांबवर बेटाचाच वळून आलेला किनारा दिसत होता. सरांनी ट्यूब फुगवली, वहिनी बसल्या, रुमाल आवळला. सरांनी ट्यूब ढकलली आणि म्हणाले, "कंटाळा आला की पलीकडं उतर, मी येतो घ्यायला." आणि आम्ही रस्ता ओलांडून दक्षिणेला आलो. तिघांपैकी कोणालाच त्या वाक्यात काही वावगं वाटलं नाही.

मी पतंग सोडला. सर लाटांवरून असे गेले की मलाही क्षणभर वाटलं, आपण हे का शिकलो नाही. बऱ्याच वेळाने मी वहिनींसाठी शहाळं घेऊन पलीकडे गेलो. काठावर त्यांच्या चपला होत्या. ट्यूब दिसेना. मग फार लांब एक काळा ठिपका दिसला, आणि तो डावीकडच्या किनाऱ्याकडे नव्हे, समोर उघड्या समुद्राकडे चालला होता. आडोसा काठापुरताच होता. जरा आत गेलं की तोच वारा पाण्यावर उतरत होता आणि वहिनींच्या पाठीला लागून त्यांना बाहेर नेत होता. मी शहाळं टाकून पळत सुटलो.

सरांना हातवारे करून बाहेर बोलावलं. काय झालं ते सांगायला मला फार शब्द लागले नाहीत. ते एकदा उत्तरेकडे बघून पतंग तसाच हवेत धरून रस्ता ओलांडू लागले. एक जीप करकचून थांबली, ड्रायव्हर ओरडला, सरांनी तिकडे पाहिलंही नाही. पलीकडच्या काठावर ते पाण्यात उतरले तेव्हा वारा बरोबर त्यांच्या पाठीवर होता. मी म्हणालो, "सर, परत येता येणार नाही." ते म्हणाले, "तू कोळ्यांच्या होड्यांकडं पळ." आणि गेले. एवढ्या वर्षांत त्यांनी तो नियम मोडलेला मी पाहिला तो एकदाच.

होडी मिळाली, मीही तीत चढलो. कोळ्यांना समजावण्याची वेळच आली नाही. त्यांनी पाण्यावरचा तो तांबडा पतंग आधीच पाहिला होता आणि कोणी तरी वेडा माणूस चुकीच्या बाजूने निघालाय, हे ओळखलं होतं. त्यांनी दोघांना आणलं ते सगळ्या वाटेत बोलत. तमिळ येत नसूनही त्यातला शब्द न् शब्द आम्हाला समजला. सर ट्यूबला दोन्ही हातांनी धरून बसले होते, होडीत आल्यावरही.

तिथे काय झालं ते सरांनी मला मुंबईमार्गे परतताना गाडीत सांगितलं, तेही एकदाच. ते पोचले तेव्हा वहिनी अर्धवट झोपेत होत्या. पतंग शेजारी पाण्यात पडला त्या आवाजाने त्यांनी डोळे उघडले, सरांना पाहिलं आणि विचारलं, "एवढा उशीर? स्कूटर कुटं लावली?" हे सांगून सर खिडकीबाहेर बघत बसले. लोणावळ्याला मी उतरलो तेव्हा खिडकीशी उभा राहून म्हणालो, जे झालं ते झालं. त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

शाळा सुरू झाल्यावर ही हकिगत कशी तरी फुटली आणि स्टाफरूमला वर्षभराचा विषय मिळाला. सर वहिनींना घेऊन परस्पर लंकेला निघाले होते, पासपोर्ट नव्हता म्हणून परत आले, असं काय काय. सर हसत, पण डस्टर खिडकीबाहेर आपटायचे बंद झाले होते. मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, त्यांची तब्येत बरी आहे ना. रविवारी आम्ही पवनेला जाणंही थांबलं. मी दोनदा विषय काढला. सर म्हणाले, पतंग शिवायला टाकलाय. तो त्यांच्या माळ्यावर होता, धडधाकट.

वर्षाच्या शेवटी निरोप समारंभ झाला. आमच्याकडे तो सपत्नीक असतो. व्यासपीठावर दोन खुर्च्या, शाल, श्रीफळ, वहिनींना साडी. हॉल भरला होता. माजी विद्यार्थी आले होते, वराळ्याची निम्मी आळी आली होती, ते चुलतेही होते. एकामागून एक भाषणं झाली आणि प्रत्येकाने वाऱ्यावरचा एक तरी विनोद केला. लंका तर तिघांच्या भाषणात आली. मग सर उठले. सगळे हसायच्या तयारीने बसले होते.

सरांनी जयभीम घातला आणि आभार मानले. मग म्हणाले, "मी सगळी नोकरीभर मुलांना वारा शिकवला. स्वतःला कुठं वारा चांगला ते रोज बघितलं. हिला जिथं बसवलं तिथं तोच वारा काय करील, ते एकदा वळून बघितलं नाही. धरणाला पलीकडं काठ असतो, समुद्राला नसतो, हे पाचवीच्या पोराला समजतं. ही पाण्यात वाट बघत होती. घाबरलेली असती तर मला सोसलं असतं." एवढं बोलून ते बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही ते कोणाला समजेना. लंकेवर बोललेले आमचे तिघे सहकारी जमिनीकडे बघत होते.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी सावरून घेण्यासाठी वहिनींना दोन शब्द बोलायला सांगितलं. अशा वेळी शिक्षकांच्या बायका हात जोडून नाही म्हणतात, तशी रीत आहे. वहिनी उठल्या. कानांवरून रुमाल होताच. माइक त्यांनी हातात घेतला नाही, त्याची गरजही नव्हती.

"ह्यांनी सांगितलं त्ये खरं हाय," त्या म्हणाल्या. "पर वरीसभर ह्ये मनाला लावून घेत्यात त्ये काय मला पटत न्हाई. मी काय पान्याच्या भरवशावर बसले न्हवते. ह्ये म्हनले व्हते, घ्यायला येतो. आजपातूर कवा आले न्हाईत असं झालं न्हाई. तितं बी आले." मग त्यांनी मागच्या बाजूला बघितलं, जिथे आचारी ताटकळत उभे होते. "आता जेवून घ्या, भात निवतोय."

लोक उठले, खुर्च्यांचा आवाज झाला, सगळे जेवणाकडे गेले. सर उठले नाहीत. मी दोन ताटं घेऊन परत आलो तेव्हाही ते व्यासपीठावर त्याच खुर्चीत होते, शाल मांडीवर, आणि वहिनी आपली खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या होत्या. मी ताटं पुढे ठेवली. वहिनींनी सरांच्या भातावर वरण वाढलं आणि म्हणाल्या, "खावा."

सर जेवू लागले.